घोड्यावरचा सरदार आणि मायची पिशवी

दिवसभर मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात दुसऱ्यांच्या रंगातल्या चुका काढतो, आणि घरी आलो की स्वतःच्या चुका करायला बसतो. कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग रंगून येतात. कुठं ओघळ आलाय, कुठं धूळ बसलीय, कुठं फोड आलाय ते बघायचं आणि खडूनं खूण करून परत पाठवायचं, हे माझं काम. रंगखात्यातली माणसं मला लांबून बघितलं की चहाला जातात. घरी मात्र माझ्यासमोर बोटभर उंचीची माणसं असतात, रेझिनची, राखाडी, हातात तलवारी आणि कुऱ्हाडी घेतलेली. ती बिचारी कुठंच जात नाहीत.

ह्याला मिनिएचर रंगवणं म्हणतात. ह्या माणसांच्या फौजा टेबलावर मांडायच्या, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची, असा तो खेळ. मी एकही लढाई खेळलेलो नाही. नियमांचं पुस्तक एकदा उघडलं होतं, ते आमच्या कारखान्याच्या सेफ्टीच्या पुस्तकापेक्षा जाड निघालं, आणि सेफ्टीचंही मी वाचलेलं नाही. मला नुसतं रंगवायला आवडतं. डॉक्टर म्हणाले होते, बीपी वाढलंय, डोकं शांत राहील असा काहीतरी छंद लावून घ्या. आता डोक्याला भिंग बांधून, चार केसांच्या ब्रशनं, ज्वारीच्या दाण्याएवढ्या तोंडावर दोन डोळे काढताना बीपी कुठं जातं ते डॉक्टरांनी एकदा येऊन बघावं.

आमचा फ्लॅट मुकुंदवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे मी गच्चीवर मारतो. उन्हाळ्यात तो हवेतच वाळतो आणि माणसावर रंगाऐवजी रवा बसतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये आमचं सैन्य सुट्टीवर असतं. शेजारचे काका जिन्यात भेटले की विचारतात, "काय, मुलाचं प्रोजेक्ट का?" मुलगा शिकून, नोकरी लागून बेंगळुरूला गेला, तरी त्याचं प्रोजेक्ट अजून चालूच आहे असं त्यांना वाटतं. मीही हो म्हणतो.

बायको इथल्याच उस्मानपुऱ्याची, हिंदी बोलणाऱ्या गल्लीत वाढलेली. तिचा राग आधी हिंदीत निघतो, मग मराठीत येतो. "क्या नवाबी है," ती म्हणते. "अहो, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि तुमच्या बाहुल्यांना अंघोळीला दोन वाट्या?" एक वाटी ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ, रंग पातळ करायला, हे मी तिला लग्नानंतर इतक्या वर्षांनी शिकवायला जात नाही. टँकर आला की मी आधी माझ्या दोन बाटल्या भरून लपवून ठेवतो. तिला त्या जागा ठाऊक आहेत.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग माय आली.

माय म्हणजे माझी आई. आमचं गाव करमाडच्या पुढं, आत. आम्ही मेंढरंवाले. वडील होते तोवर मेंढरं होती, ते गेले तशी ती विकली, आता थोडी शेती आहे, ती दादा बघतो. दादा म्हणजे थोरला भाऊ. त्याचं घर गावात. माय मात्र शेतातल्या जुन्या घरात एकटी राहायची, कारण तिचं आणि वहिनीचं एका चुलीवर पटत नाही. चूक कोणाची ते मी सांगणार नाही, मला दोन्ही ठिकाणी जेवायला जायचं असतं.

मी तिला कितीदा म्हणालो, चल माझ्याकडं. तिचं उत्तर ठरलेलं. आमच्यात वाटण्या झाल्या की देव थोरल्या घरी जातो. देव म्हणजे आमचा खंडोबा, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला बोटभर टाक, घोड्यावर बसलेला, हातात खांडा, घोड्याच्या पायाशी कुत्रं. तो दादाच्या देव्हाऱ्यात. "ज्या घरात आपला देव नाही," माय म्हणायची, "तिथं म्या पाणी पिईन, दोन घास खाईन. ऱ्हानार नाय." हे ती मला एकट्याला म्हणाली असती तर निभावलं असतं. तिनं ते चुलत्यांकडच्या लग्नात, बाराव्याला, बारशाला, सगळ्या भावकीसमोर सांगून ठेवलं होतं. माझ्याकडं बायकोचा गणपती आहे, चांगला पितळेचा. माय त्याला हात जोडायची आणि म्हणायची, "हा सूनबाईच्या माहेरचा. चांगलाय. पर पाहुणा हाय."

मी म्हणालो, नवा टाक करून आणतो सराफ्यातून. तर म्हणाली, "आणलेला देव सोनाराचा आसतो. आलेला देव आपला." आता देव काय पत्ता विचारत येणार होता का? पण तिच्यापुढं बोलून उपयोग नसतो.

मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली. दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. तिनं आम्हाला सांगितलं ते असं: "जरा पाय सरकला." खरं काय ते मला दूधवाल्याकडून कळलं. त्या दिवसापासून गावाकडचा फोन आला की पहिली घंटा संपायच्या आत मी उचलतो. लपवत नाही, मला भीती वाटते. तिला इथं ठेवून घ्यायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं, आणि ते कसं करायचं ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात तिच्या डोळ्यांना मोतीबिंदू निघाला आणि मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. ऑपरेशनला ती आली. हिरवा चष्मा लावून पाहुण्यासारखी पुढच्या खोलीत बसली. तिची कापडी पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवलेली, त्यात दोन लुगडी, एक वाटी, भंडाऱ्याची पुरचुंडी. पिशवीतून वस्तू काढायची, वापरायची, परत पिशवीत ठेवायची. कपाट रिकामं करून दिलं होतं, त्याला हातही लावला नाही. रोज एकदा तरी म्हणायची, "सोमवारी जाते." सोमवार आला की डॉक्टरांनी पुढची तारीख दिलेली असायची, मग पुढचा सोमवार.

त्या दिवसांत माझ्या टेबलावर एक सरदार होता. खेळाच्या गोष्टीतला हा सगळ्यात दुष्ट माणूस. गावं जाळतो, मेलेल्या सैनिकांची फौज घेऊन फिरतो, छातीवर कवटी, पायाशी लाल डोळ्यांचं कुत्रं. डब्यावरच्या चित्रात त्याचा घोडा काळा होता. मला शहाणपणा सुचला. काळा घोडा कुणीही रंगवतो. पांढरा रंगवणं सगळ्यात अवघड, कारण पांढऱ्यावर चूक लपत नाही. कारखान्यात मी हेच तर सगळ्यांना सांगतो. मग काय, पावसाळाभर मी त्या एका घोड्यावर थर चढवत होतो, पातळ, त्याहून पातळ, सावलीत निळसर, मानेवर उबदार. आणि कवटीवर तर अशी बारीक भेग काढली होती की बघणाऱ्यानं डोळे चोळावेत.

माय शेजारी खुर्ची घेऊन बसायची. एकदा म्हणाली, "तुपला बाप मेंढराच्या पाठीवर खुणेचा रंग लावायचा. डब्यात पंजा बुडवायचा आन हाणायचा. न्याहारीच्या आत आख्खा कळप. तू एका घोड्याला पावसाळा लावलास."

"माय, ही कला आहे."

"व्हय. मेंढरं तरी लोकर देत व्हती."

ह्या सरदाराचा फोटो मी पुण्याच्या एका स्पर्धेला पाठवला होता आणि तो निवडला गेला. आता प्रत्यक्ष मूर्ती न्यायची होती. आमचा शहरातला ग्रुप आहे, चार-पाच जणांचा, सगळे माझ्यापेक्षा निम्म्या वयाचे, मला काका म्हणतात. त्यांनी ग्रुपवर फटाके पाठवले. मी रजा टाकली. बायकोनंसुद्धा फोटो बघून "मस्त झालंय" म्हटलं, आणि आमच्या घरात हे वर्षातून एकदा घडतं.

जायच्या दोन दिवस आधी मी ड्यूटीवरून आलो तर टेबलाची मधली जागा रिकामी. सैनिक होते, सरदार नव्हता. बूट न काढता आत गेलो. बायकोच्या देव्हाऱ्यात गणपती थोडा बाजूला सरकवलेला, शेजारी ताम्हनात तांदूळ, तांदळावर माझा सरदार. समोर दिवा. आणि सरदाराच्या डोक्यापासून घोड्याच्या खुरापर्यंत तेल आणि भंडारा. हळदीनं माखलेला. सगळ्यात जाड थर कुठं, तर छातीवर. नेमका कवटीवर. माझी सगळ्यात बारीक कारागिरी जिथं होती तिथंच बाईनं बोटानं थापून ठेवला होता.

माय हिरवा चष्मा लावून समोर बसलेली. मला म्हणाली, "आला बघ."

"कोण आला?"

"खंडोबा. पांढरा घोडा, हातात खांडा, पायाशी कुत्रं. मी रोज बघत व्हते, आज वळखला. नमस्कार कर. बूट काढ आधी."

लोक गणपती करायला जातात आणि माकड होतं. माझं उलटं झालं होतं. मी एक नंबरचा राक्षस केला होता आणि त्याचा देव झाला होता. माझं बीपी टाळूपर्यंत चढलं. मी म्हणालो, "माय, अगं तो..." आणि बायकोनं माझं मनगट धरलं, ओढत गॅलरीत नेलं आणि दार लावलं.

"ती काय करून बसलीय तुला कळतंय का?" मी म्हणालो. "पावसाळा गेला माझा त्यात. परवा पुण्याला न्यायचाय. तेल फासलंय त्याला, तेल! आणि तो देव नाहीये, तो गावं जाळतो."

"झालं?" बायको म्हणाली. "आता पिशवी बघा."

दार किलकिलं करून मी बघितलं. खुंटीला पिशवी होती, पण सपाट. लुगडी कपाटात गेली होती. वाटी स्वयंपाकघरात, आमच्या वाट्यांत. पिशवी खुंटीवर अशी लोंबत होती की जणू तिचं कामच संपलं.

मी गॅलरीतल्या स्टुलावर बसलो. इतकी वर्षं मी, दादा, चुलते, डॉक्टर, सगळ्यांनी सांगून जे झालं नाही ते त्या राक्षसानं एका दुपारीत केलं होतं. "अब चुप बैठो," बायको म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

ग्रुपवर मी फोटो टाकला आणि लिहिलं, स्पर्धेला जाणं रद्द, मूर्तीचं असं झालं. मला वाटलं, पोरं हळहळतील. एकानं विचारलं, "काका, हा पिवळा वॉश कुठल्या कंपनीचा? खाचांत काय बसलाय!" वॉश म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. मी परत देव्हाऱ्यापाशी जाऊन बघितलं. पोरगा खोटं बोलत नव्हता. घोड्याच्या आयाळीत, खोगिराच्या शिवणीत हळद अशी उतरली होती, की मी विकत आणलेल्या एकाही बाटलीनं ते जमलं नव्हतं. मला आणखीच राग आला.

पुण्याला मी गेलो नाही. आयोजकांना कळवलं, घरगुती अडचण आहे. खोटं नव्हतं, अडचण देव्हाऱ्यात बसली होती आणि तिला रोज साखरेचा नैवेद्य होता.

इथवर ठीक होतं. पण मायनं गावाकडं फोन केला. रविवारी दादा आणि वहिनी नारळ घेऊन दर्शनाला. दादा देव्हाऱ्यापुढं बसला, मान तिरपी करून बघायला लागला. लहानपणापासून तो त्या टाकापुढं बसतो, त्याला आपला देव पाठ आहे.

"टाक नाय दिसत हा," दादा म्हणाला. "मूर्ती दिसती."

"त्याला वाटलं मूर्ती होऊन यावं," माय म्हणाली. "तू कोण इचारणारा?"

"आन कुत्र्याचे डोळे लाल?"

"राखण करतंय. झोप होत नसंल."

दादानं आणखी थोडा वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. तो वाकला आणि त्यानं डोकं टेकवलं. वहिनीनं तर इतक्या मनापासून हात जोडले, की तिनं काय मागितलं ते मला न विचारता कळलं. माय इथंच राहो, दुसरं काय. निघताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "जागृत दिसतोय हो."

त्यानंतर मला चैन पडेना. गंमत होती तोवर गंमत होती. पण आता माय सकाळी अंघोळ करून त्याच्यासमोर बसायची, भंडारा लावायची, काहीतरी पुटपुटायची, मुलाचं, नातवाचं, गावातल्या म्हशीचंसुद्धा नाव घ्यायची. आणि मला माहीत होतं की ऐकणारा कोण आहे. आपल्या सख्ख्या आईला आपण फसवतोय, आणि तेही देवाच्या नावावर, हे मला सहन होईना. कारखान्यात एका पत्र्यावर फोड दिसत असताना मी तो कधी पास केलेला नाही. बायकोला म्हणालो तर ती म्हणाली, "सच बोलने का इतना शौक है तो बोलो. उद्या ती गेली तर तिच्याबरोबर शेतात राहायला तुम्ही जा."

तरी मी ठरवलं. सांगायचं. नीट, समजावून. राहा म्हणायचं, पाया पडायचं, पण खरं सांगून.

एका रविवारी दुपारी तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे होते. ती पलंगावर आडवी, चष्मा काढलेला. बायको माहेरी गेली होती. मी बाटली हातात घेतली आणि म्हणालो, "माय, तुला एक सांगायचंय. तो घोड्यावरचा आहे ना, तो..."

"थेंब टाकायचेत का भाषण करायचंय?"

"ऐक तरी. तो खंडोबा नाही."

ती हलली नाही. वर पंख्याकडं बघत म्हणाली, "ठाव हाय मला."

मी बाटली खाली घेतली.

"तुम्हीच ना माझे डोळे करून आणले? पट्टी निघाली आन मला लख्ख दिसाया लागलं. पहिलं काय दिसलं असंल तर त्या मेल्याच्या छातीवरची कवटी. एवढी भेग बी दिसली तिच्यातली. खंडोबाच्या छातीवर कवटी आसती व्हय रे?"

"मग?"

"मग काय. भंडारा लावला तिच्यावर. झाकली."

मी पलंगाच्या काठावर बसलो. ती बोलायला लागली, माझ्याकडं न बघता.

"साऱ्या भावकीत सांगून बसले व्हते ना, देव नाय तिथं ऱ्हानार नाय. तव्हा अंगात बळ व्हतं, तोंड लई चालायचं. मग त्या दिशी न्हाणीत पडले. आवाज दिला, कुणी नाय. परत दिला. कुत्रं तेवढं आलं, जवळ बसलं. लई भ्या वाटलं मला. तव्हापून रोज वाटतंय. आता लोकाला काय सांगू? म्हातारी भ्याली आन धाकट्याच्या दारात जाऊन बसली? थोरल्या सुनेला काय सांगू? देव आला म्हणून ऱ्हायले, आसं सांगता येतं. भ्या वाटतं म्हणून ऱ्हायले, आसं कुनाला सांगता येतं?"

मला रडू आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हातात डोळ्याच्या औषधाची बाटली, आणि डोळे पुसतोय ते स्वतःचे. इतके दिवस मी समजत होतो, मी तिला फसवतोय.

"दादाला कळलं असंल का?" मी विचारलं.

"तो बी मपलाच हाय," माय म्हणाली. "म्हणून तर डोकं टेकवलं त्यानं."

खाली रस्त्यावर भाजीची हातगाडी ओरडत गेली. मी तिच्या उजव्या डोळ्यात थेंब टाकला. तिनं डोळा मिटला, औषध कानाकडं ओघळलं, ते मी बोटानं पुसलं.

"आता तुला खरं बोलायची हौस आलीय तर बोल," ती म्हणाली. "सांग साऱ्यांला. पर आधी ती पिशवी भरून दे मला."

मी दाराकडं बघितलं. पिशवी खुंटीवर सपाट लोंबत होती. मी दुसऱ्या डोळ्यात थेंब टाकला.

दोन्ही डोळे मिटून ती पडून राहिली. मला वाटलं, झोपली. मी उठायला लागलो तशी म्हणाली, "आन त्या कुत्र्याचा कान खरवडलाय. थोरलीनं नारळ लावला तव्हा. पुढल्या रविवारी चुलते येणार हायत बघाया, तेवढा नीट कर."

मी देव्हाऱ्यातून ताम्हन उचलून टेबलावर आणलं, डोक्याला भिंग बांधलं आणि लपवलेल्या बाटलीतलं पाणी वाटीत ओतलं.